जंबेरीवर डोळा

मोरीच्या पाण्यावर आपोआप उगवलेली जंबेरी
उपटायला हात घातला, तर तळव्यात काटा.
कुंपणापलीकडून सोनबाजी उईके हसले :
"राहू द्या बाई. खुंट चांगला हाय.
शिसपेन्सिलीएवढा जाड झाला का हाक मारजा."

दर रविवारी मी पेन्सिल घेऊन मोरीशी.
पौषात जमली जाडी.

ते आले ओल्या गोणपाटात काड्या गुंडाळून,
वरुडकडच्या कुठल्याशा झाडाच्या.
"गेल्या सालची काडी पायजे. गोल.
तीनधारी काडी कच्ची, तिचा डोया लागत नाई.
आन् ज्या झाडाचा डिंक गयते
त्याच्या काडीले हातच लावू नोका."
पानं छाटली, देठ तेवढे ठेवले.
"धराले मूठ नको का?"

जमिनीपासून वीतभर वर, त्याखाली नाही.
खाली केलं की पावसाचे शिंतोडे उडतात,
मातीनं बुड सडतं.
तेवढ्या वीतभरातले काटे त्यांनी बोटांनीच मोडले,
कट, कट,
जशा कुणी शेंगा मोडतं.

आधी उभी चीर, मग आडवी.
चाकूच्या हाडाच्या टोकानं साल उचलली.
आत ओलं, गुळगुळीत,
कुणी बघू नये असं पांढरं.
"चार दिवस पानी देल्लं म्हून सुटली.
चिकटून बसली असती तं मी घरी गेलो असतो.
झाडाच्या मनात नसलं तं चाकूनं काय होते?"

काडीवरचा डोळा सालीसकट सोलला,
धानाच्या दाण्याहून जरासा मोठा.
"कापल्या अंगाले बोट लावाचं नाई. थुका तं बिलकुल नाई."
चिरेत सरकवला. खालून वर
प्लास्टिकची पट्टी, वेढ्यावर वेढा,
डोळा तेवढा उघडा.
बांधता बांधता विचारलं, "माहेर कोनतं तुमचं?"
"सिरोंचा."
"लय दूर," म्हणाले, आणि गाठ मारली.

"एकवीस दिवस. मंग देठाले बोट लावा.
टचकन गयला तं समजा डोया लागला.
वायून चिकटला तं मेला.
रोज पाहाचं नाई."

मी रोज पाहिलं.
विसाव्या दिवशी देठच नव्हता.
आपोआप गळला, की बकरीनं ओढला, कळेना.
दोन दिवस घास उतरला नाही.
मग पट्टीतून मोहरीएवढं हिरवं.

बाकीचं ते जाता-येता सांगत गेले, सायकलवरूनच.
पाणी बुडाला नको, दोन आळी करा, मधलं कोरडं.
सालीत किड्याचं भोक दिसलं
तर तार घालून उकरा, रॉकेलचा बोळा, वरून चिखल.
पावसाळ्याआधी बुडाला मोरचूद आणि चुना,
किलोला किलो, पाणी दहा लिटर,
लोखंडी बादली नको.
विळा बुडवून पाहा, पातं तांबूस झालं तर आणखी चुना.
"अहो, एका झाडाला किलोभर?"
"मंग मूठमूठ घ्या. मले हजार झाडाईचंच मोजमाप येते."

आणि एकदा, सायकल थांबवून :
"खालून जंबेरी डोकं काढंन. खुडत राहाचं.
तिची दया केली तं संत्रं उपाशी मरंन."

खुडलं. हाताला काटे टोचत, वर्षभर खुडलं.
भिंतीकडचा एक फुटवा तेवढा राहू दिला.
का, ते विचाराल तर
मोरीवर आधी तीच आली होती.

पाचव्या वर्षी, आंबिया बहाराची
अकरा संत्री.
भिंतीकडे तीन जंबेऱ्या,
खडबडीत, मुठीत न मावणाऱ्या.

सोनबाजी आले. संत्री मोजली.
मग वाकले, भिंतीकडे पाहिलं,
खिशातून चाकू काढून उघडला.

बराच वेळ तसेच उभे.

मग चाकू मिटला.
"पिकल्या का एक मले ठेवजा, लोनच्यापुरती.
संत्रं काय,
कोनाच्याई घरी हाय."