सव्वाचार

मुर्तझा फोनवर घड्याळ लावतो.
सदतीस गुणिले त्रेचाळीस?
चाळिसाचा वर्ग, उणे नऊ,
पंधराशे एक्क्याण्णव.
उत्तर आधी मराठीत येतं,
मग ते इंग्रजीत उलटं करायचं,
नव्वद आधी, एक मागून.
यात पाऊण सेकंद जातो.
‘पाऊण सेकंदात,’ तो म्हणतो,
‘तिथला मुलगा पुढच्या प्रश्नावर असेल.’
तिथला मुलगा कोण, दोघांनाही माहीत नाही.
घाबरतो मात्र रोज, साडेनऊ ते अकरा.

कन्नमवार नगर, स्वयंपाकघरातलं घडीचं टेबल,
एका पायाखाली पुठ्ठा.
वहीत नाणं उडतंय.
सलग दोन छापे पडेपर्यंत सरासरी किती वेळा?
सहा.
आणि छाप्यामागून काटा हवा असेल तर?
चार.
समीकरण सुटतं. मला अजून पटत नाही.
तेच नाणं, तीच बोटं,
आणि एकाच गोष्टीसाठी दोन वेळा जास्त थांबायचं.

बावीस तारखेला बीकेसी, सोळावा मजला.
दोन महिन्यांचे ते जे देतात
तो आकडा मी घरी सांगितलेला नाही.
बाबांच्या वर्षाच्या पगाराशी भागून पाहिला होता
एकदाच, पेन्सिलीने.
मग खोडला.

आज घरात भिशी.
बाराजणी, पाच-पाच हजार.
बाहेरच्या खोलीत चहा, खारी,
वरच्या मजल्यावरच्या दोघी जावा एका खुर्चीत.
जिला घाई तिने कमी घ्यायचं, एवढाच नियम.
फिलोमिनाच्या नवऱ्याचा गुडघा आहे.
ती म्हणते, ‘त्रेपन्न.’
पाष्टेकाकू पुटपुटतात, ‘बावन्न.’
मग फिलोमिना कपाकडे बघत ‘पन्नास’ म्हणते
आणि पुढे कोणी बोलत नाही.
पाष्टेकाकूंनाही पैसे हवे होते.
त्या खारीचा चुरा बोटाने गोळा करत राहतात.

मला माझ्या प्रश्नसंचातलं लिलावाचं प्रकरण आठवतं.
त्यात बोली लावणाऱ्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणतात.
त्यांना गुडघे नसतात.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये
याच खोलीत आईने थेट ‘एक्कावन्न’ म्हटलं होतं,
कोणी तोंड उघडायच्या आत.
माझी फी.
मी तेव्हा आत होते, पंखा लावून.
आज हिशोब मांडते: हातात शेचाळीस,
पुढे अकरा महिने पाच-पाच.
दिवाळीत वाटून आलेलं धरलं नाही
तर महिन्याला तीन टक्क्यांच्या जरा वर.
दोनदा तपासते.
उत्तर बरोबर आहे.
या दराने मी शिकतेय.

सगळ्या गेल्यावर आई कप विसळते.
मी मोठ्याने वाचते, सवयीने:
फासा टाकायचा, जेवढे पडतील तेवढे रुपये.
नको वाटलं तर एकदाच पुन्हा टाकता येईल.
या खेळाचे किती द्याल?
‘पाच पडले तर कशाला परत टाकायचं?’
आणि चार?
ती नळ बंद करते. खरंच विचार करते.
‘चारला थांबेन. तीनला नाही थांबणार.’
मला या ओळीपर्यंत यायला
परवा अर्धं पान लागलं होतं.
सव्वाचार, मी सांगते, सव्वाचार रुपये.
‘सव्वाचार,’ ती म्हणते,
भाजीवाल्याने भाव सांगितल्यासारखं तोलून,
आणि तिला तो जास्त वाटत नाही, कमीही नाही.

मग कप पालथे घालता घालता:
‘आणि दोन्ही वेळेला एकच पडला तर?’
छत्तीसात एकदा, मी म्हणते.
‘म्हणजे पडतो,’ आई म्हणते.

फोन वाजतोय. अकराला तीन कमी.
मुर्तझा विचारणार, एकोणसाठ गुणिले एकसष्ट.
मला येतं.
मी आधी कप पुसून घेते.