दुसरे मचवे

वडील दानीएल तारकरांचा मचवा परत आला,
म्हणून ठेवलेली उपकारस्तुतीची उपासना.
वेंगुर्ल्याच्या बंदरामागचं आमचं चर्च,
भिंतींना लोणा, नऊ बाकं, तेवीस माणसं,
आणि खाऱ्या हवेनं फुगलेली पेटी.
तिचा मध्यम दाबला की खालीच राहतो,
थडके मास्तर करंगळीनं तो उचलत उचलत
गीत शेवटच्या कडव्यापर्यंत ओढून नेतात.

मी मूळचा राहुरीकडचा.
पेरणी, निंदण, खळं, भुसा
यांवर उपदेश करायला शिकलेला.
समुद्र पाहिला तो नेमणुकीचं पत्र खिशात असताना.
तरी त्या रविवारी वादळाचीच गोष्ट काढली.
तो वरामावर निजला होता, मी म्हणालो
(मागच्या अंगाला वराम म्हणतात
हे शनिवारी धक्क्यावर विचारून घेतलं होतं),
मग उठला, वाऱ्याला दटावलं,
आणि पाणी निवलं.
मी हात पसरले.
दानीएलरावांनी चष्मा काढून डोळे पुसले.
आमेन नेहमीपेक्षा मोठ्यानं झालं.

दाराशी हात मिळवत उभा होतो.
सालोमीबाई आरोंदेकर सगळ्यांत मागून आल्या,
गीतांचं पुस्तक दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं.
त्यांचा एलीशा त्याच रात्री बाहेर होता,
'सातेरी प्रसाद'वर खलाशी.
नववा दिवस.
प्रार्थनेत मी त्याचं नाव घेतलं होतं,
शेवटी,
'तसेच' या शब्दानंतर.

त्यांनी हात दिला नाही. विचारलं,
"पाद्रीबाबानु, शास्त्रात लिवलला आसा,
त्या राती आनीकय मचवे व्हते.
तेंचा काय झाला?"

ती ओळ मला ठाऊक होती.
परीक्षेत तिच्यावर टीपही लिहिली होती, चार गुणांची.
अठरा वर्षं मी ती ओलांडत आलो
चिखलातलं पाऊल वाचवावं तशी.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो.
काखेत शास्त्र, तोंडात दोन-तीन वाक्यं तयार.
त्या "बसा" म्हणाल्या नाहीत.
आभाळ आलं होतं, वाळत घातलेली सुकट उचलायची होती.
मी पाटीची दुसरी कड धरली.
शास्त्र पायरीवर राहिलं,
मांजर त्याच्याशेजारी बसून आमच्याकडे बघत होतं.
चार पाट्या झाल्या. चौथीला त्या म्हणाल्या,
"तेका सुकट आवडायची नाय."
तयार वाक्यांपैकी एकही इथे बसत नव्हतं.
झोपेपर्यंत हाताचा वास गेला नाही.
दोनदा साबण लावला,
तिसऱ्यांदा लावावासा वाटला नाही.

सोमवारी मच्छीमार सोसायटीच्या क्लार्कनं
वही माझ्यापुढे सरकवली.
त्या रात्री गेलेले, आलेले, न आलेले.
मी उपदेशाच्या कागदामागे उतरवून घेतले.

पंच मंडळींना कुणकुण लागली.
दानीएलराव संयमानं म्हणाले,
"आपल्या वेदीवरून सातेरीचं नाव?"
मी म्हणालो, मचव्याचं नाव आहे.
ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.
मग म्हणाले, "तिच्या दिव्यावर नजर ठेवून आम्ही आत आलो.
मग तो दिवा दिसेना."
हे उपकारस्तुतीच्या दिवशी
ते कुणाला बोलले नव्हते.

पुढच्या रविवारी उपदेश झाला नाही.
मी कागद उलटा धरला आणि वाचू लागलो.
सातेरी प्रसाद.
नूर-ए-दर्या.
वेतोबा कृपा.
प्रत्येक नावानंतर थांबत होतो,
मास्तरांना वाटलं गीत सुरू करायचं आहे,
त्यांनी भाता ओढला आणि तसाच धरून ठेवला.
पेटी नुसती श्वास घेत राहिली.

मी कागदाची घडी घालणार
तोच मागच्या बाकावरून आवाज आला,
रोजचा, बाजारातला हिशेब दुरुस्त करावा तसा,
"एक रवलो.
मेस्त्यांच्या बाबल्याची पात.
वहीत नसतली, तेची नोंद खय व्हती!"

मी खिशात पेन्सिल शोधली.
नव्हती.
दानीएलराव उठले, त्यांची आणून दिली.