तळहात

ग्वेनलियनच्या दुकानात किंमत विचारण्याआधी
तळहात दाखवावा लागतो.
ज्योतिष नाही. ब्रेक दाबून दाबून
घट्टे कुठे पडलेत, एवढंच बघते.

इदवाल आला. त्रेपन्न वर्षांचा, गुडघ्याला पट्टा.
म्हणाला, एकशे सत्तर मिलिमीटरचा फोर्क दे,
पोराच्या सायकलीला आहे तसा.
"उड्या मारतोस?"
"नाही."
"मग हवेत कशाला पैसे घालतोस?"

वेल्समधलं हे गाव पाटीच्या दगडाचं.
खाणी मिटल्या, ढिगारे उरले,
आता त्यांच्यामधून सायकलवाटा उतरतात
आणि ओली कपची
टायरच्या कुशीला पात्यासारखी लागते.

तिनं जाड कुशीचे टायर काढले,
पुढे मऊ रबर, मागे जरा चिवट.
ब्रेकला मोठी चकती.
"तुझं वजन मला दिसतंय, लाजू नकोस."
मागे शॉक नाहीच. साधी पोलादी फ्रेम.
"तुला चढ आवडतो, इदवाल.
रविवारी सगळ्यांच्या मागे
बोलत बोलत चढतोस तू."

तो गप्प.
मग म्हणाला, उतारावर पोरगा थांबत नाही माझ्यासाठी.

ती पंपाच्या काट्याकडे बघत राहिली.
चोवीस. तेवीस. अजून थोडी हवा सोडली.
"नको थांबू दे.
खाली पोचला की चहा सांगून ठेव म्हणावं."

सीट खाली घेण्याचा खटका
डाव्या अंगठ्याशी बसवून दिला तिनं, फुकट.
"हा दाबलास की भीती वीतभर खाली बसते.
उरलेली असू दे.
लागते."