अठ्ठेचाळीस चौकटी

मी नक्कल उतरवणारी.
ओटाकार ह्रुस्का पेन्सिलीने लिहीत, मी शाईत आणी,
रात्री अकरानंतर, लॉस एंजेलिसमध्ये,
धोब्याच्या दुकानामागच्या खोलीत.
तिथली भिंत कायम कोमट
आणि सुरावटीच्या कागदांना खळीचा वास.

सकाळी नऊला वादक यायचे. चौदा जण.
रविवारी चर्चमध्ये शहाण्यासारखा वाजणारा ट्रॉम्बोन
आमच्याकडे घोरायचा, शिंकायचा,
चढावर मोटार बंद पडावी तसा बंद पडायचा.

हिशेब साधा होता.
सेकंदाला चोवीस चौकटी.
बाराचा ठेका म्हणजे चालणं, आठचा म्हणजे पळणं,
सहाचा म्हणजे मागे कुणीतरी लागलंय.
बोकड अजून कुणी काढलेलाही नसे,
नुसता तक्ता, आडव्याउभ्या रेघांचा:
इथे शिंग अडकतं, इथे दार निखळतं,
इथे म्हातारी झाडू उगारते.
ह्रुस्का त्या तक्त्यावर नखाने ठेका धरायचे.
चित्रकारांच्या आधी बोकड मला ऐकू यायचा.

पडद्यावर त्यांचं नाव नव्हतं.
मालक म्हणाले, नावाची पाटी एक सेकंद खाते,
सेकंदाला पैसे पडतात.
ते म्हणाले, बरं.
मालकीणबाईंना बासरी हवी. बरं.
मालकांनी हक्क विकत घेतलेलं ते गुळगुळीत प्रेमगीत
दर चित्रात एकदा वाजलंच पाहिजे. बरं.
(एकदा त्यांनी ते उलटं लिहून वाजवलं.
कुणाला कळलं नाही. मीच उतरवलं होतं, म्हणून मला.)

नाही म्हणाले ते फक्त एका बाबतीत.

बोकड कड्यावरून सुटला की वाद्यं थांबायची.
सगळी. झांजसुद्धा तळव्याने दाबून धरायची.
चार ठेके, अठ्ठेचाळीस चौकटी, दोन सेकंद,
आणि तळाशी, बरोबर समेवर,
मोठ्या ड्रमवर एक थाप.
दिग्दर्शक ओरडायचा: दोन सेकंद!
लोक उठून घरी जातील! एक करा!
ह्रुस्का चष्मा पुसायचे.
पुसून झाला की कागद तसाच माझ्याकडे यायचा.
विश्रांतीच्या त्या चार खुणा
मी सहा वर्षं उतरवल्या, दर वेळी चौदा प्रतींवर.

एका रात्री माझ्या हातून दौत कलंडली.
कागद वाळेपर्यंत दोघांनाही काम नव्हतं.
ते म्हणाले, नेब्रास्कात माझा बाप विहिरी खणायचा.
खोली बघायला दर वेळी दोर कोण सोडणार?
खडा माझ्या हातात द्यायचा.
मी सोडायचो नि मोजायचो.
सात वर्षांचा होतो, पण आकडा चुकत नसे.
कोसेक म्हणून एक शेतकरी होता, त्याची विहीर
चौसष्ट फूट. दोन सेकंद. कोरडी.

"एकदा खडा नव्हता," ते म्हणाले.

मी टीपकागद दाबत राहिले.
डाग केव्हाच सुकला होता.

"तरी मी मोजलंच. सवय."

दुसऱ्या दिवशी नऊला बोकड पडला.
चार ठेके. थाप.
मग धुळीतून एक शिंग, वाकडं,
मग दुसरं, आणि क्लॅरिनेटवर ती पोल्का,
त्यांच्या आईच्या गावाकडची, बोहेमियातली,
जिच्यावर तो दर खेपेला
अंग झटकून उभा राहायचा.
ह्रुस्का वादकांकडे पाठ करून
पडद्यावर तो उठेपर्यंत बघत असायचे.
उठला की म्हणायचे, ठीक, पुढचं पान.

आता मी भाचीकडे असते, सॅक्रामेंटोला.
तिचा मुलगा शनिवारी सकाळी टीव्हीपुढे पालथा.
परवा बोकड लागला.
जाहिरातींना जागा हवी म्हणून कुणीतरी
मधला तुकडा कापून टाकलाय:
कडा, आणि लगेच थाप.
पोरगं तरीही खदखदून हसलं.
बोकड उठला, निघूनही गेला,
साबणाची जाहिरात सुरू झाली.
"मावशी," पोरगं म्हणालं,
"तू तोंडातल्या तोंडात काय मोजतेयस?"