हजाराला एक खडा

डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा.
राजमणीनं विचारलं, कुठवर?
कुंभारीच्या घरकुलात सगळे रस्ते काटकोनात,
कितीही चाला, माणूस परत आपल्याच नळाशी.

म्हणून बालाघाट.
मी सात वर्षं बार्शी-येडशी गाडीला कंडक्टर,
तो डोंगर रोज खिडकीतून दिसायचा,
विनातिकीट, आडवा पसरलेला.
फार उंच नाही. पण आम्हा सोलापूरकरांना
गिरणीच्या चिमणीपलीकडं
मान वर करायची सवय कुठली.

घरी सांगितलं, रामलिंगाला जातोय.
देवाचं नाव घेतलं की बायकांना कुणी अडवत नाही.
तिच्या पाठीला नातीचं दप्तर, फुलपाखरू छापलेलं,
माझ्याकडं डेपोतली खाकी पिशवी.
कडक भाकरी, शेंगाचटणी, गुडघ्याचं तेल,
आणि दोन चादरी, ज्या तिनं हट्टानं घेतल्या
आणि मी वाहिल्या.

पहिल्याच चढाला ती मोजायला लागली.
ओकटी, रेंडु, मूडु...
अडतीस वर्षं रोज हजार विड्या वळलेलं डोकं,
ते हजारावर थांबतं.
हजार पावलं झाली की वाकून एक खडा उचलायचा
आणि कमरेच्या पिशवीत टाकायचा.
अगं, ओझं वाढतंय, मी म्हटलं.
म्हणाली, मजुरी आहे ती.

रात्री तांड्यावर एका ओसरीत जागा मिळाली.
जनाबाईनं ताक दिलं, पैसे घेतले नाहीत,
दप्तरावरचं फुलपाखरू मात्र हात फिरवून बघितलं.

दुसऱ्या दिवशी वाट चुकली.
अख्ख्या तालुक्याला थांबे ओरडून सांगणारी मी
भलत्याच घळीत उतरले.
पातळात कुसळं, पाणी अर्धी बाटली.
दुपारपर्यंत राजमणी माझ्याशी बोलली नाही,
नुसते आकडे म्हणत राहिली, जरा मोठ्यानं.

तिसऱ्या दिवशी ते झाड.
मी पुढं निघून गेले होते.
मागं मोजणं बंद पडलेलं ऐकू आलं
म्हणून वळले.
ती एका खडबडीत काळ्या खोडाशी उभी,
एक पान अंगठ्यानं चाचपत,
डोळे दुसरीकडंच.
बोटांनी आधी ओळखलं होतं.
आकु, म्हणाली. एवढंच, तेलुगूत.

टेंभुर्णी.
अडतीस वर्षं ज्याची पानं भिजवली, कातरली, वळली,
ते झाड तिनं उभं कधी बघितलं नव्हतं.
तिच्याकडं ते गठ्ठ्यानं यायचं, सुतळीनं आवळलेलं.
मला वाटलं, ती रडेल. रडली नाही.
एक पान डोळ्यांनीच मापलं, म्हणाली,
हे चार विड्यांचं.
तोडलं नाही.
वारा आला तशी सगळी पानं खडखडली.
ती दचकली.
हे वाजतं? मला म्हणाली,
आमच्याकडं येतं तेव्हा गप्प असतं.

हजारातली किती झाली होती
ते तिला पुढं आठवेना.
सहाशे धर, मी म्हटलं.
नाही, म्हणाली, परत एकपासून.

चौथ्या दिवशी येडशीहून अर्ध्या तिकिटात घरी.
पोरगा कंडक्टर, मला ओळखलं नाही,
सुट्ट्यावरून माझ्याशीच वाद घातला.

सोमवारी ती पुन्हा सुपापुढं,
मांडीवर ओली पानं.
खडे मोजले, सत्तावन्न.
त्यातले पाच नातीनं सागरगोट्यांना पळवले.
म्हणजे पाच हजार पावलांचा हिशेब लागत नाही.
ती पुन्हा चालावी लागतील, राजमणी म्हणते,
कारखान्यात एक विडी कमी भरली तरी कापतात.

मी गाड्यांच्या वेळा बघून ठेवल्यात.
या वेळी चादरी तिनं वाहायच्या.