घोरपड, डावा कोपरा

जागमाता क्रीडा मंडळ हे फक्त पावतीपुस्तकावर.
नायगावात त्या नावाने विचाराल तर फिरत राहाल.
रॉकेलवाले म्हणा,
एखादं पोरगं हात धरून आणून सोडेल.

रेशनच्या दुकानामागे आमचं मैदान.
पिंपातून सांडलेलं मातीत मुरलेलं,
तो वास अंगावर घेऊन आम्ही सामन्यांना जायचो.
भोईवाड्याच्या पोरांनी नाक दाबून नाव ठेवलं,
म्हणजे नावंच ठेवली.
त्या वर्षी चषक आणला
आणि बनियनवर तेच छापून घेतलं.
र जरा तिरका आला. तसाच राहू दिला.

उधारी आमचा चढाईपटू: गेला की परत येत नाही.
मीटर टॅक्सीवाल्याचा मुलगा,
सुरुवातीला काही वाटत नाही,
शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्याला परवडत नाही.
दीडदमला दमा आहे. नाव दम्याच्या आधीचं.
मी खडू.
खेळलो कधीच नाही, फक्की मारतो, गुण लिहितो.
पण ज्या संध्याकाळी कुणीतरी ओरडलं,
ए खडू, निदान रेषा पुसली रे,
त्या संध्याकाळपासून मी संघात.

आणि घोरपड.
डाव्या कोपऱ्यात गुडघ्यात वाकून, जवळजवळ निजलेला.
दिसायचाच नाही. मग एकदम घोटा.
शिट्टी झाल्यावरसुद्धा
पंचांना त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागत.

परवाच्या स्पर्धेला फोकस बांधताना शिडी सरकली.
केईएमच्या खिडकीशी आम्ही नऊ जण.
नाव?
घोरपड.
पेशंटचं नाव सांगा हो.
बावीस वर्षं एका मातीत लोळलो होतो.
उधारी म्हणाला, धुमक असावं.
मीटर म्हणाला, धुमक त्याचा मामा.
खिडकीतलं पेन वाट बघत राहिलं.

तेवढ्यात त्याची बायको आली,
हाताला अजून पोळीभाजी केंद्राचं पीठ.
मैदानावर ती कधी आलीच नव्हती.
सुकुमार, ती म्हणाली. सुकुमार गोपाळ शिगवण.
दीडदमला हसू आलं,
ते त्याने खोकल्यात लपवलं.
बाकीचे आम्ही खाली बघत होतो,
कुणा परक्याची चौकशी
चोरून ऐकल्यासारखे.

बाकावर बसल्यावर तिनेच विचारलं,
घोरपड कोण? मघापासून सगळे तेच म्हणताय.
कसं सांगायचं?
मी वाकलो, बाकाचा लोखंडी पाय
दोन्ही हातांनी धरला, आणि सोडला नाही.
ती बघत राहिली.
मग पदराने पीठ पुसत, स्वतःशीच बोलल्यासारखं,
झोपेत माझं मनगट असंच धरतात.

रात्री बाराच्या सुमारास वॉर्डबॉय ओरडला,
सुकुमार शिगवण कोणाचा?
आम्ही नऊही जण तसेच बसलेलो.
ती उठली, तेव्हा आम्हाला कळलं.

त्याने स्ट्रेचरवर वाकून नीट पाहिलं.
अरे, हा तर रॉकेलवाल्यांचा.
पँटचा काठ वर करून त्याने घोटा दाखवला:
भोईवाडा, सव्वीस जानेवारीचा सामना,
थंडीत अजून ठणकतो.
मग लिफ्टवाल्याला हाक मारली, जेवणावरून उठवलं,
आणि प्लास्टरमधल्या पायाला धक्का लागू नये म्हणून
स्ट्रेचर हळूहळू वळवत नेलं,
पूर्ण वेळ
त्याच्या हातांपासून जरा लांब उभं राहून.