हस्ते

वही लाल बासनातली. कडेला कसर लागलेली,
आत अजून कापूर आणि रॉकेलचा वास.
शाहूपुरीतल्या आमच्या दुकानात
दोन्ही एकाच फळीवर असायचं म्हणे.

पर्थहून एका बाईंचं पत्र आलंय.
पणजोबा रेल्वेत होते, हॅलोरन नावाचे,
कोल्हापूर-मिरज लायनीवर.
लग्न, मुलं, कबर,
काहीही मिळालं तर कळवा.

मोडी मी आजोबांच्या चापट्या खाऊन शिकलो.
आधी पानभर रेघ ओढायची,
मग तिला अक्षरं टांगायची, ओल्या धोतरांसारखी.
शब्द कुठं तुटतो ते वाचणाऱ्यानं बघायचं.
हालुरनसायब.
दोन दिवस मी ते ‘हलू नको’ असं काहीतरी वाचत होतो.

शके अठराशे एकतीस. हालुरन सायब यांचे नावे:
सोडावॉटर दोन डझन. चिरूट पेटी एक.
वस्तऱ्याचा पट्टा. बुटाचं काळं.
मडमेकरिता मुरांबा, बाटलीतला, विलायती.
हस्ते बटलर दाऊद.
चैत्रात मडम पाचगणीस,
हमालीचे सहा आणे आमच्याकडूनच उसने.
त्यानंतर विलायती मुरांबा नाही. कधीच नाही.

आषाढात हस्ते बदलतं.
हस्ते तुळसा.
खोबरेल. फणी. बांगड्या, काचेच्या, हिरव्या.
आणि पुढल्या वैशाखात, सायबाच्याच नावे,
हळीव पावशेर, डिंक, खारीक,
बाळंतशेपा, वेखंडाचा तुकडा.

मी हे मोठ्यानं वाचत होतो.
आई भाकरी थापता थापता म्हणाली,
कोण बाळंतीण?

मग टोपडं. गुटीची सहाण.
बारक्या बुटांचा जोड, सव्वा रुपया,
आठवड्यानं परत, ‘पायास होईना’.
सगळं ‘पोरीकरिता’. नाव नाही.
आमचे गुरुसिद्धाप्पा माल लिहायचे,
माणसं लिहीत नव्हते.

अठराशे एकोणचाळीस. सायब बदलून हुबळीस गेले.
बाकी सत्तावीस रुपये अकरा आणे.
खाली दुरेघी. खातं बंद.
पर्थला काय लिहायचं ते मनात जुळवत
मी पुढचं पान सहज उलटलं.

घरखाते. म्हणजे आम्ही.
तूप, जोंधळा, पणजीच्या माहेरी पाठवलेले खण,
आणि मध्येच, त्याच शाईत,
खोबरेल. पाटी एक.
शाळेची फी, मिशनकडे.
हस्ते तुळसा.
असं नऊ वर्षं.
शेवटी पांढरं लांबकापड सहा वार, नर्शीच्या झग्याकरिता,
आणि हस्ते पुन्हा बदललेलं.
हस्ते रोझा.

गुरुसिद्धाप्पा करवंट्या मोजून ठेवणारे.
कुणाची दमडी सोडली असं ऐकिवात नाही.

निलव्वा आत्याला विचारलं. तिनं शेंगा फोडायच्या थांबवल्या नाहीत.
मागच्या परड्यातल्या खोलीला, म्हणाली,
आम्ही तुळसाक्काची खोली म्हणायचो.
मला वाटायचं तिथं तुळस असेल पूर्वी.
मग टरफलं ओट्यात गोळा करून आत गेली,
आणि परत आली तेव्हा
पाऊसपाण्याचं बोलायला लागली.

पर्थसाठी चार पानं निवडली.
चिरूट, मडम, बांगड्या, दुरेघी.
हळीव म्हणजे काय हे समजवायलाच
पत्रातलं पाऊण पान गेलं.

झेरॉक्सवाल्यानं वही काचेवर पालथी घातली.
माझ्यामागे आधारकार्डवाले चारजण.
पुढचं पानही काढू का, घरखाते दिसतंय?
त्याला मोडी येत होती की काय कुणास ठाऊक.
मी म्हटलं, थांब जरा.

बासन बांधलं. खिसे चाचपले, सुट्टे नव्हते.
असू द्या मालक, तो म्हणाला,
लिहून ठेवतो. कुणाच्या नावे?